गंजाचा आवाज

मारवोतोच्या आईच्या सातव्याचं यासीन-पठण मध्यावर आलं होतं, तेव्हा उसाच्या पलीकडून तो आवाज पहिल्यांदा उठला.

तिन्हीसांजेची मगरीबची नमाज नुकतीच झाली होती. कदुंगसारीतले झाडून सगळे पुरुष मारवोतोच्या ओसरीवर आणि अंगणात चटया टाकून बसले होते. बायका मागे चुलीशी होत्या. गेलेल्या जिवासाठी म्हटलेल्या आयती वर पोचेपर्यंत खाली कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही, अशी गावाची रीत. दुखवट्याच्या घरावरून जायचं असेल तर माणूस दुचाकी बंद करतो, उतरतो आणि ढकलत नेतो. हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

ती गाडी कोणी ढकलत नेली नाही. पहिल्यांदा ती सुसाट गेली, पुलापाशी वळली आणि परत आली. दुसऱ्या फेरीला पठण सांगणाऱ्या मोदिनचा आवाज बुडाला, नुसते ओठ हलताना दिसत राहिले. तिसऱ्या फेरीला गाडी बरोबर फाटकासमोर थांबली. स्वाराने क्लच दाबून मूठ पिळली. कानाशी कोणी पत्रा टराटरा फाडावा तसा आवाज अंगणात शिरला, आणि मूठ सोडताच सायलेन्सरच्या शेपटातून तीन बार निघाले.

नेमकी त्याच वेळी मारवोतोची बायको सार्मिनी उकळत्या आल्याच्या काढ्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून उंबरा ओलांडत होती. ती दचकली. पातेलं तिच्याच छातीवर उलटं झालं.

मग जी किंकाळी उठली, तिच्यापुढे त्या गाडीचा आवाज काहीच नव्हता. बायकांनी तिचा झगा ओढून काढायचा प्रयत्न केला तर कापडाबरोबर कातडीही येऊ लागली. बाहेर स्वार आपल्या तालमीचं नाव ओरडला, “ससाणा!” आणि निघून गेला. पोरं दगड घेऊन धावली. एक दगड मागच्या दिव्याला लागला, एवढंच.

तुगियो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने तो आवाज पहिल्याच फेरीला ओळखला होता. ओळखणारच, तो त्याच्या हातचा होता. आणि त्या पहिल्या फेरीला त्याच्या मनात जे आलं ते भय नव्हतं. वरच्या पट्टीत जाऊनही सूर फाटला नाही हे ऐकून, ओठांवर आयत असतानाच तो मनात म्हणाला होता, ‘जमलं की रे!’ हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्या तीन शब्दांची लाज त्याला जन्मभर पुरणार होती.

अकरा दिवसांपूर्वी हनुवटीवर आडवा व्रण असलेला एक हसरा माणूस जुनी आरएक्स किंग घेऊन त्याच्या दुकानात आला होता. गाडी तीस वर्षांची, टाकीचा रंग उडालेला. सायलेन्सर मात्र बाजारातून आणून बसवलेला आणि चकचकीत.

“कांग, ह्याचं जरा तोंड फोडून द्या,” थोरल्या भावाला हाक मारावी तसा तो म्हणाला. “नवा घेतला तेव्हा शेजारची म्हातारी कानात बोळे घालायची. हल्ली बघावं तर ह्याच्या आवाजावर डुलक्या काढते.”

“मग बरंच की. म्हातारीचा आशीर्वाद लागेल.”

“आशीर्वाद काय करायचाय? शिव्या पाहिजेत, शिव्या! त्याशिवाय गाडी आपली वाटत नाही.”

तुगियो हसला आणि कामाला लागला. त्याने शेपटाकडचं झाकण कापलं, आतली जाळीची नळी ओढून काढली. तिच्याभोवतीचा काचेचा कापूस तेलाने जळून काळा चिकट झाला होता, तो खरवडून टाकला. जाळीची भोकं मोठी केली, नळी चार बोटं आखूड केली. मग सायलेन्सरचं फुगीर पोट कापून, दोन बोटं पत्रा कमी करून, ते पुन्हा जोडलं. हे शेवटचं काम तो पुरबालिंग्यात पंधरा वर्षं उस्तादाच्या हाताखाली शिकला होता. कापूस काढला की कुणाचीही गाडी बोंबलते. तुगियोची गाडी बोंबलायची नाही. खाली गुरगुरायची, मधे क्षणभर दम धरायची आणि वर गेली की एकसंध रडायची. मादियुनच्या आसपास चार तालुक्यांत कोणी ऐकलं की म्हणायचं, हा तुगियोचा हात.

आवाज बघायला म्हणून त्या माणसाने जाकीट काढून बाकड्यावर टाकलं, तेव्हा आतल्या सदऱ्याच्या पाठीवर छापलेला ससाणा दिसला. म्हणजे करांगपुलेची तालीम. कदुंगसारीच्या वडाच्या तालमीचं आणि त्यांचं बापजाद्यांपासूनचं वैर. तुगियो स्वतः कुठल्याच तालमीचा नव्हता. तो बायकोच्या गावात राहायला आलेला परका माणूस, आणि गिऱ्हाइकाला नावगाव विचारायचं नाही हा त्याचा नेम. त्याने मान फिरवली आणि झाकणाला शेवटचा टाका मारला.

सातव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारवोतो दुकानात आला. तो साखर कारखान्यात मुकादम होता, वाडीचा पुढारी होता, सगळे त्याला मानाने पाक म्हणायचे, आणि वडाच्या तालमीतला सगळ्यात जुना गडी. आवाज चढवून बोलणं त्याला माहीत नव्हतं. बरोबर त्याचा पुतण्या जारोत होता, ऊस वाहायची पिकअप चालवणारा, आणि तालमीतले आणखी दोघे.

“कांग तुगियो,” मारवोतो म्हणाला, “सार्मिनीला शहराच्या इस्पितळात ठेवलंय. गळ्यापासून बेंबीपर्यंत. पाणी मागते, आणि पाणी प्यायली की ओरडते.”

“ऐकलं, पाक. अल्ला बरं करो.”

“करेल. तोवर आपण आपलं करू. नळी तुझ्या हातची होती ना?”

तुगियोने खोटं बोलायचा विचार केला, पण अंगणात पन्नास माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं होतं.

“माझी होती.”

“नाव?”

“विचारलं नाही. मी विचारत नाही, सगळ्या गावाला माहिताय.”

“गाव?”

“शहराकडून आलो म्हणाला.”

मारवोतोने मान हलवली, जणू पटलं. मग जारोतने तुगियोचं डावं मनगट धरून तळवा ऐरणीवर दाबला. मारवोतोने कोपऱ्यातला घण उचलला आणि करंगळीच्या बोटभर बाजूला घातला. ऐरणीचा झणका तुगियोच्या खांद्यापर्यंत चढला. दुसरा घाव अंगठ्याच्या बाजूला पडला. तिसऱ्याला घण थोडा सरकला आणि करंगळीचं नख पत्र्यासारखं उडालं. तुगियोच्या तोंडून आवाज फुटला नाही, फक्त पायजमा ओला झाला.

“पाक, ह्याने तर अंगण शिंपलं,” दोघांतला एक म्हणाला.

“गप्प बस,” मारवोतो म्हणाला. घण खाली ठेवून त्याने तुगियोच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी घरच्यासारखा. “नाव तुला माहीत नाही. ठीक. पण तुझे कान तर आहेत. रविवारी ससाण्यांच्या नव्या पोरांची शपथ आहे. त्यांची सगळी गाडीवाली पोरं दुपारनंतर उसाच्या रस्त्याने जातील, मोठ्या रस्त्यावर पोलीस असतात म्हणून. तू आमच्याबरोबर वळणावर बसायचंस. तुझी नळी आली की डोक्यावरची टोपी काढायचीस. एवढंच. बाकी आम्ही बघू.”

“आणि नाही बसलो तर?”

“तर हे दुकान आहेच. लाकडाचं आहे. आणि आत गॅसची टाकी आहे.”

जाताना जारोतने भिंतीला टांगलेले अकरा तयार सायलेन्सर एकेक करून खाली पाडले आणि बुटाने चेपले. घाई नव्हती त्याला. प्रत्येकाच्या पोटावर उभा राहून तो वजन टाकत होता.

घरी त्याच्या बायकोने, रुमियातीने, नखाच्या जागी हळद दाबली आणि फडकं गुंडाळलं. ती मारवोतोची चुलतबहीण होती, याच मातीत वाढलेली. त्या दिवशी गुरुवार, म्हणजे तिचा रोजा होता. ओठ सुकले होते.

“मी इस्पितळात जाऊन आले, पाकने,” ती म्हणाली. नवऱ्याला ती पाकने म्हणायची आणि तो तिला बुने. “सार्मिनीवहिनीने मला ओळखलं नाही. छातीवर कातडीच नाही हो. सांगून टाका काय माहीत असेल ते.”

“पाठीवर ससाणा होता, करांगपुलेचा. हनुवटीवर व्रण. एवढं सांगितलं तरी तासाभरात शोधतील.”

“मग?”

“मग त्याला मारून टाकतील, बुने. नुसतं मारणार नाहीत. गेल्या सुरो महिन्यात त्या पुलाखाली काय सापडलं ते तूच बघितलंस ना?”

“आणि नाही सांगितलं तर तुम्हाला मारतील.”

“मला घण मारतील, दुकान जाळतील. जिवानिशी नाही मारायचे, तू त्यांची बहीण आहेस.” “तो माणूस हलकट आहे, मान्य. पण त्याला तो आवाज दिला मी. माझ्या टोपीने एखाद्याचा जीव गेला तर मी नमाजेला उभा कसा राहू?”

रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा रुमियातीने एक घोट पाणी घेतलं आणि ताटाकडे पाठ करून बसली.

रविवारी तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली तेव्हा वळणावर चौदा माणसं उसात दडली होती. हिरव्या बांबूचे दंडुके, दोघांकडे ऊसतोडीचे कोयते. रस्त्यावर आडवी निळी प्लॅस्टिकची दोरी सैल टाकून तिच्यावर पाचट पसरलं होतं. एक टोक झाडाला बांधलेलं, दुसरं जारोतच्या मुठीत. तुगियोला समोर गस्तीच्या झोपडीत बाकावर बसवलं होतं, डोक्यावर काळी टोपी, शेजारी मारवोतो. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोन म्हातारे वारा खात बसलेत.

“कांग, कान धुऊन आलात ना?” उसातून कोणीतरी विचारलं.

“त्यांनी पायजमा धुतला असेल आधी,” दुसरा म्हणाला, आणि पाचटात खसखस पिकली.

“हसा,” मारवोतो म्हणाला. “तो ऐकायला आलाय, तुम्ही ऐकवायला नाही.”

गाड्या येऊ लागल्या. दोनदोन, तीनतीन, पाठीवर ससाणे, हातात झेंडे. तुगियो एकेकीला मनात ओळखून बाजूला काढत होता. ही नुसता कापूस काढलेली. हिचं झाकणच नाही. ही नवीन चार-स्ट्रोक, पोट भरल्या म्हशीसारखी. प्रत्येक गाडीला मारवोतो विचारायचा, “ही?” आणि तुगियो मान हलवायचा. त्याचा दुखरा हात मांडीवर होता आणि त्यात नाडी ठणकत होती.

मग आली. अजून पुलापलीकडे होती तेव्हाच त्याला कळलं. गुरगुर, मधला दम, आणि मग ते एकसंध रडणं, उसाच्या शेंड्यांवरून सरकत येणारं. डोक्यावरच्या टोपीला वजन आल्यासारखं वाटलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

गाडी वळणावर हळू झाली. हनुवटीवर व्रण. त्याने झोपडीत बसलेल्या तुगियोला पाहिलं, ओळखलं, आणि हसून मान लववली. एवढंच नाही, मान द्यायचा म्हणून एकदा मूठ पिळली. मग पाचटाखालच्या दोरीवरून तो निघून गेला.

“हा?” मारवोतोने विचारलं.

“नाही,” तुगियो म्हणाला. त्याच्या तोंडून जेमतेम हवा निघाली.

मारवोतोने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “तुला घाम आलाय, कांग.”

“ऊन आहे, पाक.”

आवाज दूर जाऊन विरला. तुगियोने मनातल्या मनात कृतज्ञतेचे शब्द म्हटले. झालं, त्याला वाटलं. आता संध्याकाळपर्यंत बसायचं, सगळ्यांना नाही म्हणायचं आणि घरी जायचं. वाचवणं एवढं सोपं असतं का, हा विचार तेव्हा त्याला शिवला नाही.

ससाण्यांचा ओघ आटला. रस्ता थोडा वेळ मोकळा राहिला. मग उलट्या बाजूने, बाजाराकडून, एक आरएक्स किंग येताना ऐकू आली. एकटीच. फाट फाट फाट, मधेच शिट्टी, मधेच खोकला, आणि मोठी, अगदी अंगावर येणारी मोठी. तुगियोच्या कानांनी तिला त्याच क्षणी उलगडलं. ही कुणी कापलेली नाही, कुणी उघडलेली नाही. हिच्या पोटाला खालून गंज लागून भोक पडलंय, आणि धूर शेपटापर्यंत पोचायच्या आत त्या भोकातून फुटतोय. नवी नळी घेता येत नाही म्हणून कोणीतरी तशीच चालवतोय.

मारवोतो ताठ झाला. “हीच.”

“नाही, पाक! ही नाही!” तुगियो उभा राहिला. “ही गंजलेली आहे! गंजाचा आवाज आहे हा, कामाचा नाही! पाक, ऐका, ही माझी नाहीच!”

“मघाशी विचारलं तेव्हा पुटपुटलास,” मारवोतो शांतपणे म्हणाला. “आता ओरडतोयस. म्हणजे आता खरा आला.” त्याने हात पुढे करून तुगियोच्या डोक्यावरची टोपी स्वतःच उचलली.

दोरी ताणली गेली.

ती पुढच्या चाकाला नाही, स्वाराच्या गळ्याखाली लागली. गाडी त्याच्या खालून निघून एकटीच दहा पावलं पळाली, आडवी झाली, घसटत गेली. स्वार पाठीवर पडला. गाडीच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या टोपल्या उलटल्या आणि बदकाची शेकडो अंडी रस्त्यावर फुटली. चौदा माणसं उसातून बाहेर पडली ती त्या बलकावर घसरत, शिव्या देत.

पहिला दंडुका गुडघ्यावर बसला. सुकी फांदी मोडावी तसं काहीतरी वाजलं. माणूस तिशीतला असेल, काटकुळा, अंगात निवडणुकीत फुकट मिळालेला पिवळा शर्ट. “मी अंडीवाला! अंडीवाला कासमुरी!” तो ओरडत होता. “बोला, कोणी ओळखत नाही का मला?” कोणी ऐकत नव्हतं. “ससाणा का रे? ससाणा का?” असं विचारत ते मारत होते, आणि उत्तराला जागा ठेवत नव्हते. दंडुके वर जात होते, खाली येत होते, एका लयीत, भात झोडपावं तसे. एकाने बुटाची टाच डोळ्यावर ठेवून फिरवली. रक्त आणि बलक मिळून रस्त्यावर नारिंगी झालं. कासमुरीने हात वर केले तेव्हा दोन्ही मनगटांवर घाव पडले. मग हात पुन्हा वर आले नाहीत.

तुगियो बाकापाशी उभा होता. ‘आता बोललो तर हे सगळे दंडुके माझ्यावर,’ एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात गोल फिरत होता. त्याने तीन घाव मोजले. चौथा मोजला. एक कोयता वर गेलेला दिसला, तेव्हा त्याचे पाय आपोआप निघाले.

तो कासमुरीच्या अंगावर आडवा पडला. दोन दंडुके पाठीत बसले, एक कानशिलावर, आणि एका बाजूचं सगळं जग बधिर झालं.

“तो गेला!” तो ओरडला. “खरा होता तो गेला! व्रणवाला! माझ्यासमोरून गेला, मी बघितला, आणि मी टोपी काढली नाही! मी खोटं बोललो!”

दंडुके थांबले. मारवोतो माणसांना बाजूला सारत पुढे आला. त्याच्या हातात अजून ती टोपी होती.

“परत सांग.”

“तो गेला, पाक. मला नमस्कार करून गेला. हा अंडीवाला आहे. ह्याला दवाखान्यात न्या.”

मारवोतोचा चेहरा मोडला. राग आला असता तर बरं, असं वाटण्यासारखा मोडला. “माझ्या बायकोच्या अंगावर कातडी नाही,” तो म्हणाला. “आणि तू त्याला जाऊ दिलंस.”

त्याने तुगियोला मानगुटीला धरून उठवलं, पडलेल्या गाडीपाशी ओढत नेलं. गंजलेला, तापलेला सायलेन्सर अजून तडतडत होता. मारवोतोने तुगियोचा धड असलेला हात, ज्या हाताने तो टाका मारायचा तो उजवा हात, तळव्याकडून त्या पोटावर ठेवला आणि गुडघ्याने दाबून धरला. “ही नळी ऐक,” तो म्हणाला. “ऐकण्यात तू हुशार ना? ऐक.” मांस जळल्याचा वास येऊ लागला. तुगियो किंचाळला, मग किंचाळायचाही थांबला, आणि तोंड उघडं ठेवून नुसता थरथरत राहिला. बाजूला उभ्या चौदा जणांपैकी दोघांनी पाठ फिरवली. एकजण उसात जाऊन ओकला.

“पाक, पुरे,” जारोत म्हणाला. मग काकाच्या काखेत हात घालून त्याने त्याला मागे खेचलं. “पुरे! अंडीवाला मरतोय तिकडे! मेला तर आपण सगळे गेलो!”

गाव धावत आलं तेव्हा रस्त्यावर पिवळ्या चिखलात तीन माणसं होती. एक रडत होता, तो मारवोतो.

जारोतने पिकअप आणली. मागच्या फळीवर कासमुरीला आडवं केलं. गावाबरोबर आलेल्या रुमियातीने कमरेच्या सारोंगाची पट्टी फाडून त्याचा गुडघा बांधला, डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तुगियो शेजारी, तळहात केळीच्या पानात गुंडाळलेला. गाडी खड्ड्यात आदळली की कासमुरी कण्हायचा.

मागच्या खिडकीतून जारोत ओरडला, “दवाखान्यात काय सांगायचं कळलं ना सगळ्यांना? घसरला. अंडी जास्त भरली होती, वळणावर घसरला. आणि कांगचा हात, कांगचा हात दुकानात भाजला. कळलं?”

रुमियातीने कासमुरीच्या डोळ्यावरचं फडकं पालटलं.

कासमुरीने उरलेला डोळा उघडला. तुगियोकडे वळवला. “व्रणवाला,” तो म्हणाला, दातांच्या फटीतून रक्त येत होतं. “तू बघितलास त्याला?”

“हो.”

“आणि बसून राहिलास.”

“त्याला मारून टाकलं असतं त्यांनी.”

“मग मला कोण...” पुढचं वाक्य निघालं नाही. त्याने मान थोडी उचलली आणि तोंडातलं सगळं रक्त तुगियोच्या चेहऱ्यावर थुंकलं. तुगियोने ते पुसलं नाही. रुमियातीनेही पुसलं नाही.

शहराचा फाटा दिसायला लागला तेव्हा कासमुरीच्या खिशातला फोन वाजला. त्याची मनगटं मोडली होती. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. कासमुरी नुसता खिशाकडे पाहत होता. तुगियोने डाव्या हाताने, नख उडालेल्या त्या ठणकत्या करंगळीने चाचपत, फोन काढला आणि ऐकू येणाऱ्या कानाला लावला.

“अहो, कुठं आहात? अंडी पोचली का? बाजारात कोणी म्हणतंय उसाच्या रस्त्याला काही झालंय. तुम्ही ठीक आहात ना? घसरलात का कुठं?”

पुढे जारोत आरशातून बघत होता. त्याने बोट ओठांवर ठेवलं, मग तेच बोट गळ्यावरून फिरवलं.

“बाई,” तुगियो म्हणाला, “मी तुमचे मालक नाही बोलत. ते जिवंत आहेत. शहराच्या सरकारी दवाखान्यात नेतोय, लगेच या. पण घसरले नाहीत ते.”

“मग?”

“मारलं त्यांना. चौदा जणांनी. मी तिथे होतो. माझं नाव तुगियो, कदुंगसारीचा सायलेन्सरवाला. ज्याला मारायचं होतं तो मी जाऊ दिला आणि त्याच्या जागी हे सापडले. जवळ कोणी लिहिणारं आहे का?”

पिकअप करकचून थांबली. जारोत दार उघडून खाली उतरला आणि सीटखालची लोखंडी पहार ओढून काढली. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. “फोन ठेव,” तो म्हणाला. “कांग, फोन ठेव. काकाने हात भाजला, मी डोकं फोडेन.”

फोनमध्ये कोणीतरी रडत होतं, आणि रडता रडता पेन्सिल मागत होतं.

रुमियातीने कासमुरीचं डोकं हळूच फळीवर टेकवलं, घडी केलेलं फडकं खाली सरकवलं. मग उठली आणि दोघांच्या मधे, पिकअपच्या कडेशी उभी राहिली. पहारीच्या टोकापासून तिचा चेहरा हातभर अंतरावर होता.

“आधी मला घाल, जारोत,” ती म्हणाली, आणि मागे न वळता नवऱ्याला सांगितलं, “तुम्ही बोला, पाकने. थांबू नका.”

“पहिलं नाव मारवोतो,” तुगियो फोनमध्ये म्हणाला. “लिहिलंत? वाडीचा पुढारी मारवोतो. दुसरं नाव जारोत...”